साडेपाच तास मिळवा

उदगीरच्या पंचायत समितीत पडदा मिळाला नाही,
म्हणून अख्खा देश भिंतीवर पाडला.
भिंतीला एक भेग, बीदरकडून निघून
बालाघाटाच्या डोंगरावरून नांदेडात शिरणारी.
'ही कोणती नदी?' लाइनमन बिरादारांनी विचारलं,
आणि दोन दिवस ती भेग नकाशातच राहिली.

एकवीस माणसं. तीन लाइनमन, कोतवाल, आशाताया,
मंडपवाला मुक्तार, वीटभट्टीच्या सोजरबाई,
एस.टी. डेपोतला एक जण, जो चुकून आला
आणि चहा बरा म्हणून थांबला.

मी सांगत होते:
छत्तीस हजार किलोमीटरांवरून हा बघतो,
एकाच जागी बसल्यासारखा.
'आमच्या चावडीवरच्या कॅमेऱ्यागत,' कोतवाल म्हणाला,
'पण ह्यो चालू हाय.'

पांढरं दिसलं की पाऊस, असं नाही.
या चित्रात पांढरं म्हणजे थंड,
आणि थंड म्हणजे उंच.
पिंजल्यासारखं विरळ असेल तर बसून राहा.
कडा विळ्यानं कापल्यासारखी असेल
तर उठा.

'यात माझी भट्टी कुठाय?' सोजरबाई.
एक ठिपका म्हणजे चार किलोमीटर लांब, चार रुंद.
तुमचं गाव, शेजारचं गाव, मधला ओढा
एकाच राखाडीत.
'बांधापायी कोर्टात गेलेले बी?'
तेही.
त्या हसल्या नाहीत. ठिपक्याकडे बघत राहिल्या,
मोजणीवाला आल्यावर त्याच्या साखळीकडे बघतात तशा.

घड्याळाचं सांगायचं राहिलं होतं.
चित्राच्या कोपऱ्यातली वेळ आपली नाही,
तिच्यात साडेपाच तास मिळवायचे.
कोतवालानं दोनदा बोटांवर करून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सरावाला मी एक जुना ढग लावला.
मागच्या वर्षीचा, मार्चातला. तारीख झाकली.
तो निवडला, कारण तो सुंदर होता:
रेखीव, गोल, माथा उणे सत्तर,
अर्ध्या तासात दुप्पट.
पुस्तकात छापावा असा.

नऊ. साडेनऊ. दहा.
मागून आशाताया एका सुरात मिळवत होत्या,
अडीच. तीन. साडे…
आणि मग कुणीच मिळवेना.

बिरादारांनी चष्मा काढला.
'ह्यो आमचाच हाय, मॅडम.
दिगंबर खांबावर होता, देवणीच्या लाइनीला.
डोक्यावर ऊन होतं. ढग लांब दिसलालता.
मीच म्हनलो, उरकून घे, मग उतर.'

चित्रं फिरतच होती.
ढग पुन्हा दाण्याएवढा झाला, पुन्हा वाढला,
दिगंबर पुन्हा खांबावर चढला,
पुन्हा.
मला थांबवायचं बटण सापडेना.

'मागं घ्या,' बिरादारच म्हणाले.
'आजून एक. हां. इथं किती?'
साडेनऊ.
'म्हंजे तीन.'
तीन.
'आन् हे चित्र आमच्या फोनवर कवा येतंय?'

खोटं बोलता आलं असतं.
अर्ध्या तासानं, मी म्हटलं. कधी पाऊण.

त्यांनी बोटांवर काहीतरी मिळवलं,
काहीतरी वजा केलं.
उत्तर कुणाला सांगितलं नाही.
पण वहीत एक रेघ ओढली
आणि तिच्याखाली पुढचं सगळं उतरवून घेतलं,
मी खोडलेलंसुद्धा.

चार वाजता प्रमाणपत्रं वाटली.
सोजरबाईंचं नाव सरोजबाई छापलेलं.
भिंतीवर तेव्हा आजचं चित्र होतं, ताजं,
म्हणजे अर्धा तास शिळं:
भेगेच्या पलीकडे
ज्वारीच्या दाण्याएवढं काही,
कडा विळ्यानं कापलेली.

प्रमाणपत्राची सुरळी काखेत धरून
त्या व्हरांड्यात फोनवर ओरडत होत्या,
'कच्च्या विटांवर ताडपत्री टाका. लेकरांना आत घ्या.'
पलीकडून कुणीतरी हसलं असावं.

'ऊन हाय, मलाबी दिसलालंय,' त्या म्हणाल्या.
'ऊन हाय म्हनूनच म्हनलालेय.'